घराचा दाब

अंबडच्या साहेबरावांचे घर त्यांचे होते. घराखालची जमीन मात्र भाडेपट्ट्याची. घर आपले आणि भुई सरकारी कार्यालयाची, ही विभागणी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभर निमूट सोसली. अखेर सुधारित कायदा आला, भुईभाडे रद्द झाले आणि निवृत्त साहेबरावांनी पेढे वाटले. आता जमीन पत्नीच्या, बेबीनंदाबाईंच्या नावावर व्हावी, एवढीच इच्छा उरली.

कार्यालयात लिपिक पुंजाराम यांनी पेढा तोंडात टाकला.

"भाडं गेलं सर, बिलकुल गेलं. आता फक्त भूदाब शुल्क."

"हे काय नवीन?"

"जमीन आमची, तुमचं घर तिला दाबून राह्यलंय. त्याचा मोबदला एकदा भरा, मंग मालकी तुमची."

साहेबरावांना यात अन्याय दिसला नाही. शास्त्रीय त्रुटी दिसली. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. घर ऐसपैस, सबब दाब अल्प. तसा सप्रमाण अर्ज त्यांनी दिला. कार्यालयाने तो सहर्ष स्वीकारून वजनाची मोजणी लावली. भिंती झाल्या, छत झाले, भरलेली टाकी झाली, मग माणसांची पाळी आली.

"मला कशाला तोलता?" बेबीनंदाबाई काट्यापाशी कडाडल्या. "ह्यांची पुस्तकं तोला! उभा जन्म मीच त्यांच्याखाली दबून राह्यले."

साहेबरावांनी टाकी रिकामी केली, ज्वारीची पोती भावाकडे धाडली. आकडा फारसा हलेना. तेव्हा त्यांची नजर माडीकडे वळली. तिथे त्यांचाच जुना विद्यार्थी मुझफ्फर भाड्याने राहून शिवणकाम करी.

"मुझफ्फर, तुझी मशीन लोखंडी ना रे?"

"हौ सर."

"मग दाबाचा खर्च तुझ्याकडे."

"पण सर, मी तर माडीवर. जमिनीला माझा पायबी लागत न्हाई!"

"वर्गात झोपला होतास का? वजन शेवटी खालीच येतं."

निसर्गनियमापुढे मुझफ्फरचा इलाज चालला नाही. त्याने भरले. जमीन बेबीनंदाबाईंची झाली, शुल्क कायमचे मिटले. पुढच्या महिन्यात मुझफ्फर पूर्वीइतकेच भाडे घेऊन जिना उतरला, तेव्हा साहेबरावांनी चष्मा पुसत निदर्शनास आणले, "दाब अजून तेवढाच आहे. त्याचे पैसे?"

रविवारी घरमालकांची सभा भरली. दुसऱ्याच्या पायाखालच्या जमिनीवर जगणाऱ्या प्रवृत्तींवर साहेबराव घणाघाती बोलले. वाचकहो, सर्वांत आधी टाळ्या तुम्हीच वाजवल्यात. खुर्च्या मांडायला तुमचाच भाडेकरू आला होता.