जेलवाला जोड

"असा जोड मारतो की समुद्रात बुडवला तरी खरखर येणार नाही!" तात्यांनी दुकानदारापुढे जाहीर केलं. घरी ऐकायला कोणी नव्हतं.

बायको गेल्यापासून लेक रोज फोन करायची. जिन्यातल्या टेलिफोनच्या पेटीत ओल शिरली होती. त्यामुळे तात्यांचा आवाज असा पोहोचायचा की लेक म्हणायची, "बाबा, रडताय ना? घर विका आणि आमच्याकडे या." तात्यांना घर सोडायचं नव्हतं. म्हणजे खरखर घालवणं आलं!

वायरी पिळून जोडण्यात तात्यांची हयात गेली होती. जेल भरलेले कनेक्टर मात्र ते पहिल्यांदाच घेत होते.

"दोनच वायरी जोडायच्या तर दोन भोकांचे घ्या," दुकानदार म्हणाला.

"तीनचे दे! कंजुषी नको."

"मग तिसरं रिकामं राहू द्या. आत जेल आहे, पाणी शिरत नाही."

"तू मला शिकवणार?"

पेटीत आपल्या लाईनच्या वायरी जोडल्यावर उरलेली रिकामी भोकं तात्यांना बघवेनात. दार सताड उघडं आणि म्हणे पाणी शिरत नाही! शेजारी मेलेल्या लाईनच्या दोन वायरी लोंबत होत्या. त्या दोन कनेक्टरांत एकेक कोंबल्या, पकडीने दाबल्या. खरखर गायब! तात्या शीळ घालत दूध आणायला गेले.

त्या वायरी खालच्या दंतवैद्याच्या होत्या; आता तात्यांची लाईन तिथेही पोहोचली. कित्येक दिवस मुका असलेला दवाखान्याचा फोन वाजला, तशी तिथली मदतनीस बाई आनंदाने धावली.

"बाबा कुठे आहेत?" लेकीने विचारलं.

दवाखान्याच्या खुर्चीत एक म्हातारे होतेच. "आडवे पडलेत. तोंड उघडं आहे, पण बोलता येणार नाही."

"तुम्ही कोण?"

"मी रोज इथेच असते की!"

लेक नवऱ्याला ओढत आली तेव्हा तात्या दूध तापवत होते. तिने खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, कपाटसुद्धा उघडलं.

"कुठंय ती? आईला जाऊन वर्षही झालं नाही!"

"ती कोण?"

"असू दे गं," जावई पुटपुटला. "तेवढीच सोबत त्यांना."

"तू गप्प बस! थांबा, मावशीलाच सांगते." तिने रिसीव्हर उचलला. आत तोच आवाज कुणाला तरी सांगत होता, "उद्या कवळी घेऊन जा."

ती खालच्या दवाखान्यातली बाई निघाल्यावर तात्यांना वायरींचं सगळं सांगावंच लागलं.

"भोक बुजवायला दुसऱ्याची वायर?"

"ओल जाऊ नये म्हणून! पण आवाज कसा स्वच्छ आला, ऐकलंस ना?"

"ऐकलं," लेक म्हणाली. "तुमची मोठी बॅग कुठे ठेवलीय?"