प्रमाणपत्र लागत नसल्याचे प्रमाणपत्र

मनोहरराव गणवीर यांनी आईला पाच दिवसांसाठी श्रीलंकेला न्यायचं ठरवलं आणि सर्वप्रथम एक नस्ती, म्हणजे फाईल, उघडली. इतर माणसं अशा वेळी बॅगा काढतात. पण मनोहरराव एका सरकारी कार्यालयातून बडेबाबू म्हणून निवृत्त झालेले, आणि चौतीस वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं: आलेल्या अर्जात त्रुटी शोधून तो परत पाठवणे. त्यांच्या टेबलावरून पहिल्याच फेरीत पुढे सरकलेला अर्ज मी पाहिलेला नाही. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर होतो आणि आता कोराडी रोडला त्यांच्या शेजारच्या घरात राहतो, तेव्हा हे मी अधिकाराने सांगतो आहे.

प्रवासाचं कारण मात्र कागदी नव्हतं. मनोहररावांच्या आई, बायजाबाई, छप्पन साली दहा वर्षांच्या होत्या आणि वडिलांचा हात धरून दीक्षेला गेल्या होत्या. पुढे दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष वाढला, तो श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या झाडाच्या रोपापासून आलेला आहे, हे त्यांना विहारात कळलं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं. "लेकराले रोज पाहून राहिली. आता एक डाव त्याची माय पाहाची आहे."

गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना त्या भिंतीला हात लावायच्या आणि कोणी पाहत नाही ना, ते बघून घ्यायच्या. वर्षभरात जाणं झालं नाही तर मग होणारच नाही, हे त्यांना ठाऊक होतं, सूनबाई शामलावहिनींना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. नस्तीत मात्र या बाबीचा उल्लेख नव्हता, कारण तिला जोडपत्र नव्हतं.

साथ ओसरत होती ते दिवस. प्रत्येक देश दार जरा उघडायचा, बाहेर कोण उभं आहे ते पाहायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. इतवारीत भांड्यांच्या दुकानावर, एक जिना चढून, धर्मेंद्र नावाच्या तरुणाचं प्रवासी तिकिटांचं ऑफिस आहे. आम्ही दोघं तिथे गेलो. खाली गंज आणि पराती आदळल्याचा आवाज चालू होता, म्हणून धर्मेंद्र मोठ्याने बोलत होता.

"सोपं आहे काकाजी. निघाच्या आधी बहात्तर तासांत टेस्ट कराची, दोन डोसचं सर्टिफिकेट ठेवाचं, एक फॉर्म भराचा. बस."

"बस म्हणजे?" मनोहररावांनी विचारलं.

"बस म्हणजे बस. संपलं."

मनोहररावांना हा शब्द खटकला. सबंध नोकरीत त्यांनी कोणालाही 'संपलं' असं सांगितलं नव्हतं. परतताना ते मला म्हणाले, "पोरगं कच्चं आहे. काहीतरी लपवून राहिलं."

चौथ्या दिवशी नियम बदलला, बहात्तरचे अठ्ठेचाळीस तास झाले, आणि मनोहररावांचा जीव भांड्यात पडला. आठवड्याने अठ्ठेचाळीसचे पुन्हा बहात्तर झाले, पण त्यात उतरल्यावर आणखी एका चाचणीची भर पडली. लोक अशा बदलांनी वैतागत होते. मनोहरराव पेपर घडी करून ठेवायचे आणि समाधानाने म्हणायचे, "नियम बदलला म्हणजे तिकडे कोणीतरी जागेवर बसून काम करून राहिलं." समुद्रापलीकडच्या त्या अनोळखी कारकुनाबद्दल त्यांना सख्ख्या भावासारखी माया वाटू लागली होती.

प्रत्येक नियमागणिक घरात परिपत्रक निघू लागलं. 'यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करून' अशी सुरुवात, खाली जावक क्रमांक, आणि प्रत फ्रिजच्या दारावर. तिसऱ्या परिपत्रकान्वये प्रवासापूर्वी पंधरा दिवस बाहेरच्या माणसांशी संपर्क टाळायचा होता, आणि त्यासाठी नातेवाइकांची लाल, पिवळी व हिरवी अशी वर्गवारी करण्यात आली. शामलावहिनींनी चष्मा लावून ती यादी वाचली.

"तुमची बहीण महिनाभरापासून खोकलून राहिली, ते हिरवी. माझा भाऊ एक डाव शिंकला नाही, तो लाल. काहून?"

"तो पुण्याहून येते. पुणे जोखमीचं आहे."

"तो पुण्याले दोन हजार बारा साली गेला होता. दोन दिवसांसाठी. आता बुटीबोरीले राहते."

"पूर्वेतिहास पाहावा लागते," मनोहरराव म्हणाले.

वहिनींनी यादी पुन्हा फ्रिजला लावली. मोठमोठ्या देशांच्या याद्याही याच पद्धतीने होत होत्या, असं मला तेव्हा पेपर वाचून वाटायचं. कोणाच्या घरात किती आजारी आहेत यापेक्षा कोण आपला आणि कोण परका, यावर रंग ठरायचा. फरक एवढाच, की त्या देशांना संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन जेवायचं नव्हतं. मनोहररावांना त्या आठवड्यात रोज मुगाची खिचडी मिळाली.

मुलाचा, आयुषचा, प्रश्न वेगळा होता. तोही आजीसोबत निघणार होता. तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथे रजा मंजूर व्हायला पक्कं तिकीट दाखवावं लागत होतं, आणि मनोहररावांच्या परिपत्रकाप्रमाणे तिकीट काढायला मंजूर रजेची प्रत आवश्यक होती. शेवटी आयुषने खोटंच पोट दुखतं सांगून सुटी मिळवली, चाचणी केली, आणि विमानाची वेळ तीन तास पुढे गेली. अहवाल तीन तासांनी शिळा झाला. असं एकंदर पाच वेळा झालं. लॅबमधला माणूस आयुषला त्याच्या नाकावरून ओळखू लागला. कारखान्याने पाचव्या पोटदुखीनंतर त्याला कळवलं, की आता वर्षअखेरपर्यंत पोट दुखलं तर ते रविवारी दुखावं.

मग प्रमाणपत्रांचा घोळ झाला. लसीची प्रमाणपत्रं हातात आली त्याच दिवशी मनोहररावांनी ती लॅमिनेट करून घेतली होती. आमच्या पिढीची ही रीतच आहे. ज्या कागदावर विश्वास बसतो त्याला आम्ही आधी प्लास्टिकमध्ये घालतो. धर्मेंद्रने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की खबरदारी म्हणून प्रमाणपत्राच्या मागे डॉक्टरचा सही-शिक्का घेऊन ठेवा. डॉक्टरांनी चार वेळा शिक्का मारला, चारही वेळा तो प्लास्टिकवरून पुसला गेला, आणि डॉक्टरांचा अंगठा तेवढा प्रमाणित झाला. नवीन प्रती निघेपर्यंत नियम बदलला.

या सगळ्यात दहा महिने गेले. बायजाबाई आता पायऱ्या चढताना कोणी पाहतं का ते बघत नव्हत्या. उजवा हात भिंतीला आणि डावा सुनेच्या खांद्यावर, अशा त्या वर यायच्या. तरी रोज संध्याकाळी अंगणात चकरा मारायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तेथं पायरी असन नं गा. सवय राहू दे पायाले."

मला फार वाईट वाटलं. मी मनोहररावांना काही बोललो नाही. समोरच्या टेबलावरही मी चौतीस वर्षं काही बोललो नव्हतो.

आणि एका सोमवारी त्या देशाने सगळ्या अटी काढून टाकल्या. चाचणी नको, प्रमाणपत्र नको. धर्मेंद्र ही बातमी द्यायला स्वतः गाडीवर कोराडी रोडला आला.

"काकाजी, पासपोर्ट घ्या, व्हिसा ऑनलाइन करून देतो, अन् निघा."

मनोहररावांनी नस्ती जवळ ओढली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अट नाही?" ते म्हणाले. "एकही नाही?"

"नाही."

"मग पूर्तता कशाची कराची?"

धर्मेंद्र चहा पिऊन गेला. मनोहरराव आत जाऊन बसले आणि त्यांनी संबंधित दूतावासाला पत्र लिहिलं. ते मी वाचलं आहे. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, आपल्या देशात प्रवेशासाठी कोणतेही प्रमाणपत्र आवश्यक नसल्याचे समजते. तरी तसे प्रमाणपत्र आवश्यक नसल्याबाबतचे प्रमाणपत्र, सही व शिक्क्यानिशी, चार प्रतींत मिळणेस विनंती आहे.'

उत्तर दोन दिवसांत आलं. इंग्रजीत एक ओळ होती, की अशा प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

"पाहिलं?" मनोहररावांनी कागद माझ्यापुढे धरला. "प्रमाणपत्र देत नाही म्हणते. अन् याच्यावर सही नाही, शिक्का नाही. उद्या विमानतळावर कोणी विचारलं, तुम्हाले काही लागत नाही हे कशावरून, तर काय दाखवाचं?"

मी म्हणालो, "जे लागत नाही ते कोण विचारणार?"

"मी विचारलं असतं," मनोहरराव म्हणाले. ते खरं होतं.

पहिलं स्मरणपत्र गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या वेळी बायजाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मनोहरराव पाकिटावर पत्ता लिहीत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "मनोहर, तू मले झाड दाखवाले निघाला होता. वर्ष झालं, कागदच दाखवून राहिला."

मनोहररावांनी मान वर केली नाही. "आई, रीतसर जाऊ. पंधरा दिवसांत उत्तर येते."

बायजाबाई उठल्या. भिंतीला धरून मधल्या खोलीत गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "शामला, चारुशीलेले फोन लाव वं."

चारुशीला मेश्राम म्हणजे निवृत्त परिचारिका. विहारातल्या आठ बायांना घेऊन त्या पुढच्या मंगळवारी श्रीलंकेलाच निघाल्या होत्या, आणि धर्मेंद्रकडे दोन जागा शिल्लक होत्या. त्या दोन जागांवर बायजाबाई आणि शामलावहिनी गेल्या. त्यांनी परिपत्रक काढलं नाही. मनोहरराव मुख्यालय सांभाळायला मागे राहिले. विमानतळावर त्यांनी आईच्या हातात नस्ती दिली. एकशे बारा पानं, अनुक्रमणिकेसह, लाल फितीत बांधलेली. "कोणी काही विचारलं तर याच्यात आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी फितीची गाठ पुन्हा एकदा आवळली. माणूस वाईट नाही. त्याला प्रेम दाखवायची एवढीच पद्धत शिकवली गेली होती, आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो.

सहाव्या दिवशी दोघी परत आल्या. घरात पाय ठेवताच मनोहररावांनी विचारलं, "नस्ती कोणी पाहिली?"

"कोणी नाही," बायजाबाई म्हणाल्या. "तेथल्या सायबानं पासपोर्टावर ठप्पा मारला अन् हसला."

"एकशे बारा पानांपैकी एकही नाही?"

"बसमध्ये उशीखाली घेतली होती. बरी होती."

मनोहरराव खुर्चीत बसले. कोणी तपासलंच नाही, तर हा प्रवास वैध कसा धरायचा, हा त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. कार्योत्तर मंजुरीची टिपणी लिहायला घ्यावी असा विचार ते करत होते, तेवढ्यात बायजाबाईंनी लुगड्याच्या ओच्यातून रुमाल काढला आणि अलगद उलगडला. आत पिंपळाचं एक पान होतं. वाळलेलं, टोक थोडं मोडलेलं.

"झाडानं खाली टाकलं. मी उचललं."

मनोहरराव ताडकन उभे राहिले. परदेशातून वनस्पतीचा भाग आणायचा तर त्याला परवाना लागतो, एवढं त्यांना नक्की माहीत होतं. अटी उठल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्याच दुपारी त्यांनी योग्य त्या खात्याला पत्र लिहून स्वतःच्या आईविरुद्ध माहिती सादर केली. खात्यानेही तत्परता दाखवली. आठ दिवसांत उत्तर आलं, सहीनिशी, शिक्क्यानिशी: 'पान तपासणीस्तव समक्ष हजर करावे. सोबत झाडाचे ना-हरकत जोडावे.' मनोहररावांनी ते पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि लॅमिनेट करायला दिलं.

पानाची बातमी गल्लीभर झाली. लोक येऊ लागले. चहा पिऊन झाला की प्रत्येक जण तेच विचारायचा. परवाना नव्हता, मग विमानतळावर पकडलं कसं नाही? ओच्यात लपवलं होतं का? दंड किती होईल? बँकेतले साहेब आले, शाळेतल्या बाई आल्या, मनोहररावांची हिरवी बहीण खोकत खोकत आली. बायजाबाई सगळ्यांना बसायला सांगायच्या, पाय लांब करून गुडघे चोळायच्या, आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहायच्या. मला आधी वाटलं, थकवा असेल. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की त्या एका प्रश्नाची वाट पाहत होत्या.

झाड कसं होतं, हे त्यांना कोणीही विचारलं नव्हतं. मुलाने नाही, नातवाने नाही, मीही नाही. तुम्हीसुद्धा, वाचक महाशय, शेवटच्या ओळीपर्यंत आलात. त्या पानाचं पुढे काय झालं, एवढंच तुम्हाला जाणून घ्यायचं होतं ना?