दाजी ड्रेसर आणि डावा खुबा

दाजी ड्रेसरने माझ्या तोंडाकडे कधी पाहिल्याचे मला आठवत नाही. माझ्याच कशाला, जव्हारात तो कुणाच्याच तोंडाकडे पाहत नसे. रस्त्यात गाठ पडली की त्याची नजर आपल्या कमरेवर उतरे, गुडघ्यापाशी रेंगाळे, टाचेपर्यंत जाऊन परत वर येई आणि मग "बरं आहे" किंवा "बरं नाही" असा निकाल लागे. आपण काय बोललो, हे त्याच्या कानात शिरलेलेच नसे.

नावे त्याच्या लक्षात राहत नसत, सांधे राहत. "काल तुझ्याकडे तो उजवा गुडघा आला होता, तो कोण रे?" असे त्याने मला एकदा विचारले. आलेले गृहस्थ माझे सख्खे मामा होते.

"चालून दाखव" हा त्याचा आवडता हुकूम. तो कुणालाही सुटे. आमच्या शेजारी मुलगी पाहायला मंडळी आली होती. रीतीप्रमाणे मुलीला चालून दाखवायला सांगितले, तसा हा कोपऱ्यातून ओरडला, "मुलगी ठीक आहे. मुलाला चालवा! त्याचे गुडघे एकमेकांशी भांडताहेत." लग्न झाले, दाजीला मात्र आमंत्रण गेले नाही. एका अंत्ययात्रेत तर त्याने वाटेत तिरडी थांबवली. "पुढचा डावा खांदेकरी बदला. त्याची कंबर जाईल आणि पुन्हा सगळ्यांना यावं लागेल."

दवाखान्यात जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे एवढेच त्याचे काम. पण लढाईच्या काळात तो फौजेच्या इस्पितळाबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथे एका गोऱ्या नर्सबाईच्या हाताखाली त्याने मोडलेल्या शिपायांना पुन्हा पायांवर उभे केले होते. परत आला तेव्हा तापाच्या साथीने त्याचे घर रिकामे करून टाकले होते. बायको, मुलगी, कुणी उरले नव्हते. त्याबद्दल तो बोलत नसे. कुणी विचारलेच तर त्याच्या गुडघ्याकडे टक लावून पाहत राही.

बोलायचा तो सांध्यांवर, आणि न विचारता. "खुबा म्हणजे वाटीतलं लिंबू. पुढं, मागं, बाजूला, कसंही फिरव. गुडघा तसा नाही. गुडघा म्हणजे बिजागरी. वाकायचं आणि सरळ व्हायचं, बास. पाय जमिनीत रुतलेला असताना वरून अंग वळवलंस, की बिजागरीला पीळ बसतो. मग आतले दोर तुटतात." हे पटवण्यासाठी तो दवाखान्याचे दार धरून पिळून दाखवी. एकदा बिजागरी खरोखरच निखळली. दार पुन्हा बसेपर्यंत औषधांच्या खोलीत शेळ्या येत-जात होत्या. डॉक्टर संतापले. दाजी म्हणाला, "बघा, मी काय सांगत होतो?"

असा हा माणूस हास्यास्पद होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे हसण्यासारखे फार नाही.

वेठ म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावे लागते, याचीच मला चीड येते. दौऱ्यावर निघालेल्या बड्या माणसाला घाट चढवायचा असला की त्याच्यासाठी डोली निघते. डोली बाजारात फुकट मिळत नाही, माणसे मिळतात. जमादार बाजाराच्या दिवशी वाटेवर उभा राहतो आणि ज्याचे पाय धड त्याला धरतो. शेत, आजारी बायको, लेकराचे बारसे, काही चालत नाही. फक्त लंगडा सुटतो. मी साहेबांना खांद्यावरून जाताना पाहिले आहे. साहेबांच्या कुत्र्यालाही पाहिले आहे. कुत्र्याचे चारही पाय उत्तम होते.

पोशेऱ्याचा लखमा अशाच एका डोलीखाली होता. उतारावर निसरड्यात त्याचा पाय सरकला, डोलीचा दांडा मांडीवर बसला आणि डाव्या खुब्याचे हाड वाटीतून बाहेर आले. डोलीतल्या साहेबांच्या कोपराला खरचटले, त्याची वाच्यता फार झाली. डॉक्टरांनी लखमाला गुंगी देऊन हाड ओढून जागेवर बसवले आणि हात धुतले. पुढचे महिने दाजीचे.

खुबा बसला होता, पण लखमाला चालता येत नव्हते. डाव्या पायावर भार दिला की त्याची कंबर उजवीकडे ढासळायची आणि तो फुटक्या होडीसारखा डुलत जायचा. दाजी त्याच्या डाव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला बोट खुपसून म्हणे, "इथलं मांस झोपलंय. कंबर धरून ठेवायचं काम याचं. याला उठवायचं." मग दवाखान्याच्या ओट्यावर लखमाने उजव्या कुशीवर निजायचे आणि डावा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, खाली आणायचा, पुन्हा उचलायचा.

"पाय उचलून काय पिकं दाजी?" लखमा विचारी.

"तू पिकशील. उचल."

"कुत्रा मुततो तसा दिसं मी."

"कुत्र्याचा खुबा तुझ्यापेक्षा बरा आहे. उचल!"

लखमाची बायको पारी नागलीची भाकर घेऊन येई आणि ओट्याखाली बसून राही. लखमाची कंबर सावरू लागली, तशी ती घाबरू लागली. एके दिवशी तिने दाजीचे पायच धरले. "दाजी, अर्धाच बरा करा याला. पुरा बरा झाला का नेतील. आता डोली घेतली तर उठायचा नाय हा."

"अर्धं काम मी करत नाही," दाजी खेकसला. पण त्या दिवशी त्याने ओट्यावर कुणालाच काही शिकवले नाही.

माझेही त्याच्याशी भांडण झाले. वेठीविरुद्ध मी नाशकाहून पत्रके छापून आणत असे. लखमाला सभेत उभा करावा, लोकांना त्याची चाल दिसावी, असे माझे म्हणणे होते.

"तुला पत्रकासाठी लंगडा पाहिजे," दाजी म्हणाला. "मला चालणारा पाहिजे."

"आणि बरा झाल्यावर त्याला कोण वाचवणार? तुम्ही?"

"तू आहेस ना. तुझी पत्रकं आहेत ना." मग तो ओट्याकडे वळला. "काय रे लखमा, तुला काय पाहिजे?"

"तमाखू," लखमा म्हणाला.

शेवटी दाजीने त्याला काठी दिली. उजव्या हातात. मला वाटले, चुकला. दाजी भडकला. "डावा खुबा दुखतो म्हणूनच उजव्या हातात! डावा पाय टेकला की उजवी बाजू पडते. पडणाऱ्या बाजूला टेकू द्यायचा की उभ्या बाजूला?" लखमा ओट्यावरून उतरला आणि काठी टेकत दवाखान्यासमोरच्या वडापर्यंत गेला. कंबर जवळजवळ सरळ राहिली. काठीशिवाय मात्र चार पावलांत पुन्हा डुलायला लागे. "अजून पावसाळाभर काठी," दाजी म्हणाला. "तोवर डोकीवर मोळीसुद्धा नाही." पारी हसली. तिला मी त्याआधी हसताना पाहिले नव्हते.

मोखाड्याच्या बाजाराला दाजी मुद्दाम गेला, लखमा चारचौघांत कसा चालतो ते पाहायला. मीही पत्रके घेऊन गेलो होतो. बाजाराच्या तोंडाशी जमादार उभा होता. त्याने लखमाला हटकले.

"पाय कोणता मोडला रे?"

"डावा जी."

"मग काठी उजव्या हातात कशी?"

लखमाने दाजीकडे पाहिले. जमादार गर्दीकडे वळला. "सोंगं बघा यांची! खरा लंगडा दुखऱ्या पायाला काठी लावतो. याला पाय कोणता तेच आठवत नाही."

गर्दीतल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. त्यांच्या काठ्या दुखऱ्या बाजूलाच होत्या. सगळ्या मुलखात तशाच धरत. आणि लखमाने, बिचाऱ्याने, घाबरून काठी डाव्या हातात घेतली.

"बदलली! बदलली बघा!" जमादार ओरडला.

मग दाजी मध्ये पडला. पडायला नको होते, असे मी म्हणणार नाही. त्याला दुसरे काही येतच नव्हते. त्याने वाटीतल्या लिंबापासून सुरुवात केली. जमादार ऐकत नाही म्हटल्यावर म्हणाला, "तुम्ही एका पायावर उभे राहा. समजेल." आणि जमादार, का कोण जाणे, राहिला. दाजीने त्याच्या कुल्ल्यावर मूठ टेकली. "हे बघा, हे मांस तुमची कंबर धरून आहे. मी हे असं दाबलं—" जमादार डुलला. त्याचा फेटा सरकला. सगळा बाजार हसला.

त्या हसण्याने लखमाचा निकाल लागला. जमादाराने फेटा नीट केला आणि लखमाला डोलीच्या पहिल्या दांड्याला लावले. काठी रस्त्यात पडली. दाजी डोलीबरोबर धावत ओरडत होता, "डाव्या पायावर भार घेऊ नको! लहान पावलं टाक!" जमादाराच्या शिपायांनी त्याला ढकलून दिले.

घाटात खुबा पुन्हा निखळला. लखमाला खाली आणायला माणसे मिळेपर्यंत फार वेळ गेला, आणि त्या वेळी डॉक्टर जव्हारात नव्हते. या वेळी हाड जागेवर बसले नाही.

मी पत्रक लिहिले. असे जहाल मी आजवर लिहिलेले नाही, आणि एका अक्षराचाही मला पश्चात्ताप नाही. दाजीची सही मागायला दवाखान्यात गेलो तर तो नव्हता. हल्ली रजा न मागताच नाहीसा होतो, असे डॉक्टर म्हणाले.

थंडी पडल्यावर लखमाची हकिकत त्याच्याच तोंडून घ्यावी म्हणून मी पोशेऱ्याला गेलो. पारी खळ्यात नागली झोडपत होती. तिने झोपडीकडे नुसती मान हलवली.

अंगणात उन्हात दोन चटया होत्या. एकीवर लखमा उजव्या कुशीवर निजला होता. त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या चटईवर, तशाच कुशीवर दाजी. दोघांचे डावे पाय हवेत. लखमाचा जेमतेम वीतभर वर, दाजीचाही तेवढाच.

"दाजी, याने खुबा बसेल?" मी हळूच विचारले.

"नाही."

"मग?"

"एकटा असला की हा नुसता कुडाकडे तोंड करून पडतो. खात नाही, बोलत नाही." दाजी लखमाच्या पाठीकडे पाहत बोलत होता. "मी पण तिकडं घरी तसाच पडतो. इथं निदान पाय तरी उचलला जातो."

"दाजी," लखमा मागे न बघता म्हणाला, "बोलता बोलता तुमचा खाली आला."

"आला खरा," दाजी म्हणाला आणि त्याने पाय पुन्हा वर घेतला.