बिघडलेलंच आणा

आमच्या लोणखेड्यात भटू सरांना चहाला बोलावलं, की घरची बाई आधी मिक्सर लपवते. नीट चालणारी वस्तू या माणसाला बघवतच नाही. "खोलीसन देखूत का?" म्हणेपर्यंत खिशातून टेस्टर निघालेला असतो. माझा मिक्सर त्यांनी दोनदा खोलला. एक स्क्रू उरला, तर म्हणाले, "कंपनीनी जास्तीना देयेल शे."

सर विज्ञानाचे, आता निवृत्त. माझ्या भिंतीला लागूनच एकटे राहतात. दर मे महिन्यात शाळेत आठवी-नववीच्या मुलांचं विज्ञान शिबिर घेतात आणि हजेरी मांडायला मला, मराठीच्या बाईला, धरून नेतात. अट एकच: घरून बिघडलेलं यंत्र आणायचं. "चालू मशीन मुकं ऱ्हास ताई, बिघडेलच बोलस!"

यंदा इस्त्र्या आल्या, फवारणीचे पंप आले. एका पठ्ठ्यानं आजोबांचं कानाचं मशीन आणलं. संध्याकाळी आजोबाच शोधत आले.

मोलगीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, शिबिरापुरती शाळेच्या वसतिगृहात उतरलेली सुनीता तेवढी रिकाम्या हातानं आली. घरी यंत्रं दोनच, बल्ब आणि वडिलांचा मोबाइल, दोन्ही धड. दोन दिवस पोरगी कोपऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, "बाई, उद्याच्या जीपनं घरी जाते. माझ्याकडे खोलायला काहीच नाही." मला फार वाईट वाटलं. मी सरांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी सर टेबलफॅन घेऊन हजर. "हाऊ बंद पडेल शे. देख बरं बेटा." अहो, सकाळीच मी भिंतीपलीकडून त्याची घरघर ऐकली होती! मी तोंड उघडणार, तोच सरांनी डोळे वटारले.

सुनीतानं दहा मिनिटांत सुटलेली वायर जोडली आणि पुन्हा रिकामी बसली. झाली का पंचाईत! सरांनी फॅन घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटरचं वाइंडिंगच तोडून आणलं. मग मात्र पोरगी रमली. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत चार दिवस मान वर केली नाही. इकडे सर भर मे महिन्यात ओला पंचा अंगावर टाकून झोपत होते.

शेवटच्या दिवशी फॅन फिरला. पोरांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. सुनीता सरांजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, तार ताजी कापलेली होती. आता पुन्हा तोडू नका. तुम्हाला उकडत असेल."

"हां बेटा," सर म्हणाले. फॅन काखेत मारून माझ्याबरोबर घराकडे निघाले. वाटेत म्हणाले, "ताई, तुम्हले उकडस का, आसं माले कितला वरीसमा कोनी इचारं नही."