बोकडाचं स्वादुपिंड आणि आईची चांदी

साठ सालच्या मे महिन्यात मी किहीमला घरी गेलो तो कॉलेजचा सूक्ष्मदर्शक आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन. बोकडाच्या स्वादुपिंडात बारीक नळ्या असतात. त्यांच्या पेशींत आम्लाचा तोल सांभाळणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते पेशीत नेमकं बसतं कुठे, कडेला की मधोमध, एवढंच पाहायचं होतं. पंधरा दिवसांत दाखवतो, असं सरांना सांगून आलो होतो! आता ते आठवलं तरी दमायला होतं.

कृती सोपी. कॉलेजातून डबीत लपवून आणलेले पातळ काप कोबाल्टच्या द्रावणात ठेवायचे, मग गंधकाच्या पाण्यात बुडवायचे. जिथे विकर, तिथे काळं. फक्त त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास, आणि आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. म्हणून ओटीलगतच्या खोलीत समुद्राकडची खिडकी सताड उघडून मी पसारा मांडला. सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. वास परस्पर दर्यात.

वाडीतला अंबाजी नारळ सोलता सोलता म्हणाला, "भाऊ, दुपारी वारा फिरल. खिरकी लावा."

मी पदवीधर. हसलो.

त्याच दिवशी धाकट्या कुमुदला बघायला अलिबागचे पाहुणे यायचे होते. मुलगा शाळामास्तर, कुमुदच्या मनात भरलेला. आईने ठेवणीतल्या चांदीच्या बशा घासूनपुसून ओटीवर मांडल्या. दहाला येणारे पाहुणे साडेबाराला आले, आणि त्यांच्याबरोबर वाराही आला. खिडकीचं दार आपटलं, गंधकाच्या पाण्याची बाटली लवंडली आणि ओटीवर श्वास घेणं अवघड झालं. मुलाचे वडील मार्तंडराव नाकाला उपरणं लावून समोरच्या बशीकडे बघत राहिले. बशी त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी झाली, तपकिरी झाली, मग तव्यासारखी काळी.

"गोदावरीबाई," ते थंडपणे म्हणाले, "चांदी म्हणाला होतात."

आई बशी उचलून बोटाने घासू लागली. दारात कुमुद पोह्यांचं ताट घेऊन थिजलेली. मी पुढे झालो. विज्ञान माझ्या बाजूचं होतं!

"अहो, खरी आहे म्हणूनच काळी पडली. खोटी असती तर चकाकत राहिली असती."

सगळ्यांना पटलं. मग सगळ्यांच्या नजरा मार्तंडरावांच्या बायकोपुढच्या पानाच्या डब्याकडे वळल्या. 'आमच्या सासूबाईंची चांदी' म्हणून त्यांनी आल्याआल्या तो मधोमध ठेवला होता. डबा आरशासारखा लखलखत होता.

बाईंनी त्यावर हळूच पदर ओढला. आई मोठ्या मनाने बाहेरच्या माडांकडे बघू लागली.

"मुलगी पसंत आहे," मार्तंडराव घाईने म्हणाले. "पोहे येऊ द्या."

संध्याकाळी मी चिंच आणि राख घेऊन बशा घासायला बसलो. कुमुद शेजारी, गालातल्या गालात हसत.

"भाऊ, ते तुझं सापडलं का रे? कुठे बसतं?"

काप मी पाहून आलो होतो. धांदलीत ते वाटीतल्या गंधकाच्या पाण्यातच राहिले होते. कडा काळी, मध्य काळा, शेजारच्या पेशी काळ्या.

"सगळीकडे," मी म्हणालो, आणि पुढची बशी घेतली.

अंबाजी अंगणातून घरी निघाला होता. जाता जाता त्याने फक्त खिडकी लावली.