सरांच्या कोंबड्या

अंडं फोडायचं, पांढरं केसांना लावायला गल्लीत वाटायचं आणि पिवळा बलक तेवढा जपून ठेवायचा, असा माणूस तुम्ही पाहिलाय? आमचे शेजारी बोरकुटे सर असे होते. त्यांच्या कृपेनं आमच्या गल्लीतल्या बायकांसारखे चमकदार केस अख्ख्या महाल वस्तीत कोणाचे नव्हते. स्वतः सरांनी मात्र जन्मात अंडं खाल्लं नव्हतं.

सर गुरांच्या डॉक्टरांना शिकवायचे. परसातल्या कोंबड्यांना लहान लेकरांच्या हगवणीच्या विषाणूची सुई टोचायचे. "कोंबडी त्याच्याशी भांडते, अन् भांडणाचं औषध बलकात उतरते. बस, काढून लेकराले पाजायचं!" ते औषध कधीच झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कॉलेजातले हसायचे. गुरांच्या डॉक्टरला ही उठाठेव काहून पाहिजे?

"लेकरू बी मुकंच रायते बाप्पा," सर म्हणायचे. "कुठं दुखते, सांगते का?"

एकटा जीव. घरातला एकुलता कूलर कोंबड्यांकडे तोंड करून असायचा. सर त्यात सारखं बादलीनं पाणी ओतायचे आणि स्वतः ओला पंचा पांघरून बसायचे.

एका मे महिन्यात माझी छकुली हगून-ओकून पार चिमली. दवाखान्यातून मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं होतं, पण तेही ती ओकायची. भर दुपारी मी सरांकडे धावलो. "सर, तुमचं औषध द्या."

"नाही देत. अजून उंदरावर बी पाहिलं नाही. तुया लेकरावर पाहू काय?"

"मग कायले पोसता त्या भवान्या!" मी तोंडाला येईल ते बोललो.

सर माझ्यामागे आले. छकुली तिच्या आईच्या मांडीवर होती, मी शेजारी बसून राहिलो. सरांनी चमचा हातात घेतला तो सोडलाच नाही. ओकली की थांबायचे, पुन्हा थेंब थेंब द्यायचे. उन्हं उतरली तेव्हा आईचं लुगडं भिजलं.

"मुतली! मुतली गा!" सर लग्नात नाचावं तसे नाचले. मला रडू आवरेना.

थोड्या वेळानं मी त्यांच्या परसात गेलो. कूलर कोरडा गरम वारा फेकत होता. कोंबड्या चोची वासून पडल्या होत्या, साऱ्याच्या साऱ्या. इतक्या वर्षांची मेहनत. सर त्यांच्यात बसले होते.

"सर, आठवण नाही राहिली?"

"होती. दुपारभर होती."

"मग मला सांगायचं! मी टाकलं असतं पाणी."

सर खाली बघत म्हणाले, "तिनं तुयं बोट धरून ठेवलं होतं गा. सोडव म्हणून कसं सांगू?"