विजयकरांच्या गाडीला धक्का

माझ्या बायकोने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेजाऱ्याची गाडी ढकलली. देवाला गेलो नाही, गावाला गेलो नाही. रविवारी सकाळी चाळीपुढच्या उतारावर विजयकरांची काळी ऑस्टिन ढकलली, खाली नाक्यावर बांगडे घेतले आणि घरी आलो. बुधवारी ती गेली. हार्ट.

हे विजयकर कोण ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल मी ड्रायव्हर होतो की काय. मी गिरणीतला. अंधेरीला डोंगराच्या अंगावर आमची चाळ, आणि चाळीला चिकटून एक बैठी बंगली, पुढे पत्र्याचं गॅरेज. त्या बंगलीत हा माणूस एकटा. लग्न केलेलं नाही. चाळीत म्हणायचे, मुलगी ओरिजिनल आहे याची खात्री पटली नसेल.

कारण ओरिजिनल हा त्यांचा शब्द. दूधवाल्याला विचारणार, ओरिजिनल? पेपरवाल्याला विचारणार, आजचाच आहे ना, ओरिजिनल? आमच्या हिने एकदा दसऱ्याला आपट्याची पानं नेऊन दिली. दुसऱ्या कोणी कपाळाला लावून खिशात घातली असती. यांनी चष्मा वर केला, पान उजेडात धरलं आणि म्हणाले, वहिनी, ही कांचनची आहेत, बाजारात फसवलं तुम्हाला. होतीही कांचनचीच. पण सणाच्या दिवशी बोलायचं असतं काय ते?

जन्मभर कस्टममध्ये नोकरी. लोकांच्या ट्रंका उघडून बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे प्रत्येक माणसाच्या पोटात काहीतरी चोरीचं आहे असंच त्यांना दिसायचं. रिटायर झाल्यावर ट्रंका संपल्या, मग सगळा संशय त्या गाडीभोवती गोळा झाला. गाडी त्यांच्या वडिलांची. रोज रात्री बॉनेटच्या फटीवर भाताच्या शिताने काळा दोरा चिकटवायचे. सकाळी दोरा शाबूत असेल तर चहा. एकदा दोरा तुटलेला निघाला तर चाळीत सगळ्या खोल्यांतून चौकशी झाली. शेवटी बॉनेटवर मांजराची पावलं सापडली. तर हे विचारतात, मांजर कोणाकडे जेवतं?

त्यांचा एक क्लब होता, जुन्या मोटारीवाल्यांचा. रविवारी सकाळी आरे कॉलनीत झाडाखाली सगळे जमायचे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठून कुठून गाड्या यायच्या. डोक्यावर कॅप, बायकांच्या हातात थर्मास, चादरी अंथरून वडे-सँडविच. एकमेकांना भाई-भाई म्हणायचं, आणि अमका पार्ट कुठून मिळवला ते सख्ख्या बायकोलाही सांगायचं नाही. एखाद्याने बॉनेट उघडलं की बाकीचे हात मागे बांधून वाकून बघणार, तोंडाने वाहवा करणार आणि मनात म्हणणार, हा कार्ब्युरेटर ह्याच्या गाडीचा नव्हे. विजयकर तर चादरीवर बसायचेच नाहीत. गाडीला टेकून उभ्याने खाणार, तेही घरून नेलेलं. दुसऱ्याचा वडा खाऊन झापड आली आणि तेवढ्यात हेडलाइट बदलला तर? हे मला त्यांनीच सांगितलेलं, हसून नव्हे.

त्या क्लबात त्यांचा एक दुश्मन होता, घाटकोपरचा दातांचा डॉक्टर शहा. शहाच्या गाडीला लावलेला हॉर्न हा आपल्या वडिलांच्या गाडीचा, कधीतरी चोरीला गेलेला, असं विजयकरांचं म्हणणं. पुरावा काय, तर आवाज. "परब, तो आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालोय." दोघं बोलायचे नाहीत. आरेच्या रस्त्यावर समोरासमोर आले की शहा मुद्दाम हॉर्न वाजवायचा आणि हे कान देऊन ऐकायचे.

आता धक्क्याचं. संप झाला, लांबला, आणि आमची गिरणी परत काही उघडली नाही. मी खाटेवर बसलो तो बसलोच. दाढी नाही, कोणाशी बोलणं नाही. ही शेजारपाजारची पापड-कुरड्यांची कामं घेऊन घर चालवत होती आणि मी भिंतीचे पोपडे बघत होतो. मुलगी मुलुंडहून यायची, रडून जायची. अशात एका रविवारी विजयकर दारात उभे, कॅप हातात. म्हणाले, परब, सेल्फ गेला गाडीचा, बटण दाबून चालू होत नाही, जरा हात लावता? मी म्हटलं, दुसरा कोणी बघा. तर म्हणतात, दुसऱ्या कोणाला मी गाडीला हात लावू देत नाही. ही पदर खोचून उभी राहिली, म्हणाली, चला, मीपण येतंय. बायको गाडी ढकलणार आणि आपण बसून राहणार, हे काय मला जमणारं नव्हतं. उठलो.

मग दर रविवारी तेच. दुरुस्त का करत नाही विचारलं तर म्हणायचे, ओरिजिनल पार्ट मिळत नाही, डुप्लिकेट मी बसवणार नाही. विषय संपला. मी उजव्या बाजूला, ही माझ्या शेजारी. गाडी जड. रेटून रेटून माझ्या कपाळाला घाम यायचा, मग उताराच्या मध्यावर ती एकदम फुरफुरायची, धूर सोडायची आणि विजयकर न थांबता कॅप वर करून निघून जायचे. थांबले तर बंद पडेल म्हणून. गॅलरीतून सगळी चाळ बघायची. पोरं ओरडायची, निघाली विजयकरांची हातगाडी. आम्ही दोघं खाली रस्त्यावर हात झटकत उभे. ही म्हणायची, इतके खाली आलोच आहोत तर बाजार करून जाऊ. मग मासळी, मग हॉटेलात एक चहा दोघांत, मग हळूहळू चढ चढून घरी. तीन वर्षं असे रविवार गेले.

ती गेल्यावर डॉक्टर बोलून गेला की हार्ट आधीपासून कमजोर असणार, जोराचं काम टाळायला हवं होतं. ते माझ्या डोक्यात बसलं. जोराचं काम तिने कुठलं केलं? पापड लाटण्याने माणूस मरत नाही. तेराव्याला विजयकर आले, दारातच उभे राहिले, आणि मी सगळ्यांसमोर बोललो. "तुझ्या गाडीने मारली तिला."

ज्या माणसाने आपट्याच्या पानावर वाद घातला तो एक शब्द बोलला नाही. कॅप घातली आणि गेला. मी म्हटलं, बघा, कबूल आहे.

त्यानंतर गाडी बाहेर निघाली नाही. रविवार आला की मी गॅलरीत उभा राहून त्या गॅरेजकडे बघायचो. का काढत नाही? मला बघून खिडकी का लावून घेतो? मनात पाप असल्याशिवाय माणूस असं वागतो? आमच्या चाळीत आता दोन कस्टमवाले झाले होते, एक खाली आणि एक वर.

शेवटी ठरवलं, याचं काय ते क्लबात जाऊन सांगायचं. एका रविवारी बस पकडली आणि आरेला गेलो. झाडाखाली गाड्या, चादरी, थर्मास, सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच. मी विचारलं, इथला पुढारी कोण? एक टकलू माणूस पुढे आला. नेमका डॉक्टर शहा, सेक्रेटरी तोच. मला बरंच वाटलं. दुश्मनासमोर बोलायला सोपं.

मी सांगितलं, तुमचा विजयकर पार्ट मिळत नाही म्हणून सेल्फ दुरुस्त करत नाही आणि गरिबाच्या बायकोकडून गाडी ढकलून घेतो. शहाने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "काका, माणूस वाकडा आहे. माझ्या हॉर्नवर डोळा ठेवून आहे. पण त्याच्या गाडीचा सेल्फ? आमच्यात दरवर्षी पैज लागते, थंड इंजिन एका बटणात कोणाचं चालू होतं त्याची. दरवर्षी तोच जिंकतो. मीच हरतो ना, मला माहीत नसणार?"

बाकीच्यांनीही माना हलवल्या. वर शहाच मला विचारायला लागला, तो इतके दिवस येत का नाही, बरा आहे ना? हॉर्न वाजवायला मजा येत नाही म्हणाला.

परत येताना बसमध्ये माझं डोकं नुसतं पेटलं होतं. सेल्फ चालू. म्हणजे तीन वर्षं हा माणूस आम्हाला बनवत होता. कशासाठी? गिरणीवाल्याला घाम गाळताना बघून मजा वाटत होती? की दुसरंच काही? जाताना कॅप कोणाला वर करायचा, मला की हिला? वहिनी-वहिनी म्हणत पापड घ्यायला आमच्या दारात यायचा, एकट्या माणसाला इतके पापड लागतात? या वयात मेलेल्या बायकोवरून मत्सर करायची पाळी माझ्यावर आली होती, आणि तो मी मनापासून केला.

संध्याकाळी त्यांच्या दारावर थाप मारली. आतून साखळी लावूनच दार उघडलं. अर्धा चष्मा दिसला.

"आरेला जाऊन आलो," मी म्हटलं. "शहा भेटला. सेल्फ चालू आहे."

त्यांनी दार लोटलं. मग साखळी काढली. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, भिंतीला गाडीचे जुने टायर. बसायला मला खुर्ची दिली, आपण टायरवर बसले.

"शहा खोटं बोलत नाही," म्हणाले. "हॉर्न सोडून."

मी म्हटलं, मला हसवू नको, का केलंस ते सांग.

"वहिनींनी सांगितलं होतं. शपथ घातली होती, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून."

मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं नाव पुढे करायला अक्कल लागत नाही. बायकोने सांगितलं याला पुरावा काय? कस्टमवाल्याला मी पुरावा मागत होतो.

तेव्हा विजयकर खाली मान घालून बोलले, आणि ते त्यांचं बोलणं नव्हतं. कस्टममधल्या या माणसाला मालवणी येत नाही, ती आमच्या घरची बोली. पाठ केल्यासारखं एकेक शब्द धरून म्हणाले, "आमचे हे नुसते भितीक तोंड लावन बसतत. दया केलली तेंका चलाची नाय. कायतरी काम सांगा तेंका. पण माझा नाव घेव नकात."

त्या खोलीत ती बोलली. आवाज त्या बुवाचा, पण ती बोलली. दुसऱ्या कोणाला माहीत असणार, मला दया चालत नाही ते?

मी विचारायचं तेच विचारलं. म्हटलं, काहीही असो, ती ढकलत होती. हार्ट कमजोर होतं.

"त्या ढकलत नव्हत्या, परब. तसं आमचं ठरलं होतं. नुसता हात ठेवून तुमच्या बाजूने चालायच्या. मी आरशात बघायचो. त्यांचं गाडीकडे लक्षच नसायचं, तुमच्याकडे असायचं." मग म्हणाले, "खरं म्हणजे तुम्हीपण ढकलत नव्हतात. तो उतार आहे. ब्रेक सोडला की गाडी आपली आपण जाते."

मी म्हटलं, काय बोलता? माझ्या खांद्याला गोळे यायचे.

"मी ब्रेक थोडा दाबून धरायचो. वजन लागायला नको तुम्हाला? नाहीतर दुसऱ्या रविवारी आला नसतात. त्याच्यात माझे लायनर दोनदा जळाले." हे मात्र ते कळवळून बोलले. "ओरिजिनल होते."

मी त्या माणसाकडे बघत राहिलो. मडगार्डला कोणाचं बोट लागलं तर दिवसभर जेवत नसे. त्याने तीन वर्षं पोरांकडून हातगाडी ऐकून घेतली. क्लबात पहिला येणारा माणूस चाळीपुढे दर रविवारी हसं करून घेऊन मग तिकडे जायचा. आणि तेराव्याला सगळ्यांसमोर खुनी म्हटलं तरी शपथ मोडली नाही.

मी म्हटलं, त्या दिवशी तरी बोलायचं होतं.

म्हणाले, "त्या गेल्याच होत्या, बोललो असतो तर वर त्यांचा शब्दही गेला असता."

चहा करतो म्हणून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. स्टोव्हचा आवाज काही येत नव्हता. मी उठून न सांगता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. लोक डबे घेऊन कामाला निघायच्या वेळेला मी खाली उतरलो आणि विजयकरांचं गॅरेज ठोकलं. म्हटलं, गाडी काढा. ते म्हणाले, आज क्लब नाही. मी म्हटलं, काढा. त्यांनी दोरा तपासला, मग चाव्या आणल्या आणि गाडीत बसून माझ्याकडे बघायला लागले, मी मागे जाऊन उभा राहतो की काय म्हणून. पोरं गॅलरीत जमलीच होती. एकाने हातगाडी म्हणून आवाजही दिला.

"सेल्फ मारा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. एका बटणात चालू झाली. मध्ये इतके महिने बंद होती तरी. गॅलरीतली पोरं वाकून बघायला लागली. विजयकर समोर बघत स्टिअरिंग पुसत बसले, उगाचच, ते स्वच्छच होतं.

"आता ढकलायला कोणी लागत नाही, परब," ते हळूच म्हणाले.

"बसायला लागेल ना," मी म्हटलं, आणि पलीकडून जाऊन दार उघडलं.

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला झटकल्या, दोन्ही, आणि आत बसलो. आरेपर्यंत गेलो. क्लबाचं कोणी नव्हतं, गवळ्यांच्या म्हशी रस्ता ओलांडत होत्या. त्यांच्यासाठी आम्ही थांबलो, आणि गाडी काही बंद पडली नाही.